खड्याचे कूळ शोधताना

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका ग्राहक महिलेने तयार अंगठी बोटात घालून पाहिली आणि विचारले, "हा नीलम कुठल्या खाणीतला?" मी चांदीचे आणि थोडेफार सोन्याचे दागिने घडवते, एकटीच काम करते, आणि नऊ वर्षांत हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता. मी बिल काढून पाहिले. त्यावर एवढेच लिहिलेले होते: नैसर्गिक नीलम, १ नग, १.१२ कॅरेट. विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो हसून म्हणाला, "ताई, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात ना, त्यात खडाही धरा." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, त्याला स्वतःलाही ते माहीत नव्हते. "चौकशी करून सांगते," असे मी त्या महिलेला म्हटले खरे, पण ते सांगायला पुढचा जानेवारी उजाडला. या अकरा महिन्यांत काय केले, कुठे अडले आणि कशावर पैसे गेले हे त्याच क्रमाने लिहिते आहे, कारण असे काही मला आधी वाचायला मिळाले असते तर माझे निदान तीन महिने वाचले असते.

सुरुवात स्वतःच्या कपाटापासून केली. एका शनिवारी सगळ्या पुड्या टेबलावर मांडल्या. त्या ६३ भरल्या. त्यांपैकी ९ पुड्यांवर देशाचे नाव होते. खाणीचे किंवा जिल्ह्याचे एकाही पुडीवर नव्हते. त्या नऊंतही दोन पुड्यांवर 'बँकॉक' असे लिहिलेले होते, आणि ते तर मुळाचे नावच नव्हे, कारण बँकॉक, जयपूर किंवा इडार-ओबरश्टाइन ही शहरे पैलूकामासाठी आणि व्यापारासाठी ओळखली जातात. तिथे अनेक देशांचा कच्चा माल येतो आणि एकत्र होतो. हे एकत्र होणे मला त्या दिवशी प्रथमच नीट समजले. व्यापारी खडे निवडतो ते रंगाने, आकाराने आणि स्वच्छतेने. पाच ठिकाणांहून आलेले पाच निळे खडे एका छटेचे असले की ते एका पुडीत जातात, आणि त्याच क्षणी त्यांचे मूळ पुसले जाते. यात कोणी काही लपवलेले असेलच असे नाही. मूळ कळावे असे वाटत असेल तर ते या निवडीच्या आधीच लिहून ठेवलेले असावे लागते. नंतर कितीही चौकशी केली तरी ते परत मिळत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी १४ विक्रेत्यांना पत्रे लिहिली. पाच जणांची उत्तरे आली, तीही तीन आठवड्यांनी. एकाने शिक्क्यानिशी लेखी हमी पाठवली की त्याचे सर्व माणिक आणि पाचू किंबर्ली प्रक्रियेनुसार संघर्षमुक्त आहेत. मला आधी हायसे वाटले, मी ते पत्र फाइलला लावले, आणि चार दिवसांनी बाहेर काढले. किंबर्ली प्रक्रियेची प्रमाणपत्र योजना २००३ मध्ये सुरू झाली आणि ती फक्त कच्च्या हिऱ्यांना लागू आहे. माणकाशी किंवा पाचूशी तिचा काहीही संबंध नाही. हिऱ्यांच्या बाबतीतही तिची व्याख्या अरुंद आहे: बंडखोर गटांनी मान्यताप्राप्त सरकारांविरुद्धच्या लढाईसाठी ज्यांचा पैसा वापरला ते हिरे तिच्या कक्षेत येतात, पण खाणीवरची मारहाण, बालमजुरी किंवा बुडवलेली मजुरी येत नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याने रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिलच्या सदस्यत्वाचा दाखला पाठवला. हा दाखला खोटा नव्हता, आणि या संस्थेने २०१९ पासून आपल्या आचारसंहितेत माणिक, नीलम आणि पाचू यांचा समावेशही केला आहे. परंतु ती संहिता व्यवसायाच्या कारभाराची तपासणी करते. समोरच्या पुडीतला अमुक खडा कुठून आला हे त्या दाखल्यावरून कळत नाही. कागद हाती आला की तो नेमके कशाबद्दल बोलतो आहे हे आधी पाहावे, हा धडा मला इथे मिळाला.

एप्रिल वाचनात गेला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, संघर्षग्रस्त आणि जोखमीच्या प्रदेशांतील खनिजांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. त्यांची तिसरी आवृत्ती २०१६ ची आहे आणि ती विनामूल्य वाचता येते. भाषा रुक्ष आहे, आणि माझ्यासारखीने ती झोपण्यापूर्वी वाचू नये. तरीही तिच्या पाच पायऱ्या साध्या आहेत: स्वतःचे धोरण आणि नोंदींची व्यवस्था उभी करणे, पुरवठ्याच्या साखळीतली जोखीम ओळखणे, त्या जोखमीवर उपाय ठरवणे, तपासणी करून घेणे आणि केलेल्या कामाचा अहवाल जाहीर करणे. दोन गोष्टींनी मला धीर आला. एक म्हणजे अपेक्षा व्यवसायाच्या आकाराला धरून आहे. एकट्या कारागिराकडून कोणी लेखापरीक्षक नेमण्याची अपेक्षा करत नाही. दुसरी म्हणजे जोखीम दिसली की पाठ फिरवावी असे तिथे म्हटलेले नाही. गंभीर अत्याचार किंवा सशस्त्र गटांना आधार असेल तिथे व्यवहार थांबवायचा, बाकी बहुतेक ठिकाणी संबंध टिकवून सुधारणा मागायची.

ही दुसरी गोष्ट मी वाचली होती, पण पटवून घेतली नव्हती. मे महिन्यात मी ठरवले की खडे फक्त मोठ्या यांत्रिक खाणींचेच घ्यायचे, कारण त्यांच्याकडे अहवाल असतात, सुरक्षेचे नियम असतात आणि विचारायला एक पत्ता असतो. हा निर्णय महिनाभरच टिकला. रंगीत रत्नांचा फार मोठा भाग फावडे, बादली आणि चाळण घेऊन काम करणाऱ्या लहान खाणकामगारांकडून येतो. त्यांच्याकडे कागद नाहीत एवढ्या कारणावरून त्यांना वगळले, तर माझी फाइल स्वच्छ राहील आणि त्यांचे गिऱ्हाईक तेवढे कमी होईल. शिवाय मोठी खाण म्हणजे निर्धोक खाण असेही नाही. मोझांबिकमधील मोंटेप्वेझ येथील माणकाच्या खाणीसंबंधी स्थानिकांनी मारहाणीचे आणि छळाचे दावे लंडनच्या न्यायालयात नेले होते, आणि २०१९ मध्ये कंपनीने जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. तेव्हा खाण लहान की मोठी हा प्रश्न मी सोडून दिला आणि प्रत्येक खड्यासाठी एकच पाहायचे ठरवले: जमिनीपासून माझ्या टेबलापर्यंत किती हात लागले आणि त्यांपैकी किती हातांची नावे कोणी तरी सांगू शकते.

जूनमध्ये यादी छाटली. लाजवर्द हा गडद निळा खडा मला फार आवडतो, पण त्याचा सर्वांत प्रसिद्ध स्रोत अफगाणिस्तानातील बदख्शानमधला सर-ए-संग आहे, आणि तिथल्या खाणींचा पैसा सशस्त्र गटांकडे जात असल्याचे वारंवार पुढे आले आहे; तो बाजूला ठेवला. म्यानमारचे माणिकही बाजूला ठेवले, कारण २०२१ च्या सत्तापालटानंतर अमेरिकेने तिथल्या सरकारी रत्न उपक्रमावर निर्बंध घातले होते आणि माझ्याकडे त्या वाटेने येणारा माल ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. उरले ते नीलम आणि गार्नेट. दोन्ही रोजच्या वापराला टिकाऊ, दोन्हींची मूळ ठिकाणे अनेक, आणि गार्नेटवर सहसा कोणती प्रक्रिया केली जात नाही, म्हणजे एक चिंता कमी.

मग विक्रेते शोधण्याचे काम सुरू झाले, आणि यातच सर्वांत जास्त वेळ गेला. मी पहिल्यांदा ३१ प्रश्नांचा तक्ता पाठवला होता. एकाही विक्रेत्याने तो भरला नाही, आणि आज तो वाचताना मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. त्यात मी एका खड्यासाठी वार्षिक पाणीवापराची आकडेवारी मागितली होती. दुसऱ्या खेपेला सहाच प्रश्न ठेवले: खाण किंवा निदान जिल्हा कोणता, कोणी खणले, पहिल्यांदा कोणी विकत घेतले, पैलू कुठे आणि कोणी पाडले, कोणती प्रक्रिया केली, आणि देशाबाहेर कोणत्या कागदांवर गेले. खाली एक ओळ लिहिली: "जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असे लिहावे, त्यामुळे व्यवहार अडणार नाही." माझ्या मते सगळा फरक या ओळीने पडला. दहा तक्त्यांपैकी सात भरून आले. ज्यांनी सहाही रकाने एका दिवसात सुवाच्य भरून पाठवले त्यांच्यावर माझा विश्वास कमी बसला. ज्यांनी तीन भरले आणि तीन ठिकाणी 'माहीत नाही' लिहिले त्यांच्याशी पुढे व्यवहार झाला.

एकाने 'पूर्व मादागास्कर' असे लिहून अतिशय सुंदर निळ्या खड्यांची छायाचित्रे पाठवली. २०१६ मध्ये बेमेन्टी भागात नीलमाच्या शोधात हजारो लोक संरक्षित वर्षावनात शिरले होते, हे मी तोवर वाचले होते. म्हणून जागा आणि वर्ष विचारले. उत्तर आले नाही. ते खडे माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलले नाहीत, हे कबूल करते.

शेवटी दोन स्रोत ठरले. गार्नेट टांझानियातील उंबा खोऱ्यातले, जिथे खाणकामगारांचा गट ठरलेल्या दिवशी माल मांडतो आणि मधल्या दलालाशिवाय निर्यातदाराला विकतो. नीलम श्रीलंकेतले. तिथे खाणकामासाठी राष्ट्रीय रत्न आणि आभूषण प्राधिकरणाचा परवाना लागतो, आणि काम संपल्यावर खड्डा बुजवावा लागतो. त्यासाठी आगाऊ अनामत भरून घेतली जाते. विक्रेत्याने परवान्याची प्रत पाठवली, तिची मुदत संपलेली होती, मी विचारले, आणि नूतनीकरणाची प्रत बारा दिवसांनी आली. हे विचारताना संकोच वाटला होता, पण त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. अर्थात परवान्याने खड्डा कायदेशीर आहे एवढेच ठरते. माझा खडा त्याच खड्ड्यातून निघाला हे मला त्याच्या वहीवरून आणि शब्दावरूनच मानावे लागले. वहीतल्या त्या पानाचे छायाचित्र त्याने पाठवले: तारीख, कच्च्या खड्याचे वजन, खरेदीची रक्कम आणि एक अंगठा.

ऑगस्टच्या १८ तारखेला नीलमाचे पार्सल आले: आठ खडे, आठही 'प्रक्रिया नाही' असे लिहिलेले. मी दहापट भिंगाखाली एकेक धरला. न तापवलेल्या नीलमात पुष्कळदा रूटाइल या खनिजाच्या बारीक सुया दिसतात, एकमेकींना ठरावीक कोनात छेदणाऱ्या, उजेड तिरपा पडला की रेशमासारख्या चमकणाऱ्या. व्यापारात त्यांना रेशीमच म्हणतात. सहा खड्यांत त्या अखंड होत्या. दोन खड्यांत सुयांच्या जागी ठिपक्यांच्या ओळी होत्या, जणू तुटक शिवण. जास्त तापमानाला रेशीम असेच तुटते. नीलम तापवणे ही व्यापारात सर्वमान्य गोष्ट आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ते खरेदीदाराला सांगणे बंधनकारक मानले जाते, आणि इथे नेमके उलट लिहिलेले होते.

मी त्यांपैकी एक खडा स्वतंत्र प्रयोगशाळेकडे पाठवला. यात दोन चुका केल्या. पहिली, दरपत्रक नीट न वाचता प्रक्रिया आणि मूळ प्रदेश अशा दोन्ही तपासण्या मागितल्या, त्यामुळे विमा आणि टपाल धरून खर्च खड्याच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट झाला. दुसरी, पाच आठवडे लागतील हे गृहीत धरले नाही आणि त्या खड्याच्या भरवशावर एक काम स्वीकारून बसले. अहवाल आला: उष्णतेच्या खुणा आहेत, मूळ प्रदेश श्रीलंका. मूळ प्रदेशाबद्दलचे विधान हे तज्ज्ञांचे मत असते, खड्यातील समावेश (म्हणजे आत अडकलेल्या सुया, कण) आणि सूक्ष्म मूलद्रव्ये यांची ज्ञात नमुन्यांशी तुलना करून दिलेले, आणि ते अहवालातच नमूद असते. ते देश सांगते. खणणाऱ्याला मजुरी मिळाली का हे सांगणे प्रयोगशाळेच्या कामात येत नाही. माझा सल्ला असा की लहान खड्यांसाठी पूर्ण अहवाल मागू नयेत. पुडीतला सर्वांत संशयास्पद एक खडा निवडावा, फक्त प्रक्रियेची तपासणी करून घ्यावी, आणि निकाल वेगळा आला तर पुडी परत घेण्याची अट खरेदीपूर्वीच लिहून घ्यावी. माझ्याकडे अशी अट नव्हती. विक्रेत्याने तरीही दोन्ही खडे परत घेतले आणि सांगितले की ते त्याच्या पैलूकाराने दुसऱ्या लॉटमधून घातले असावेत. म्हणजे ज्या मिसळण्यापासून मी पळत होते ते सहा प्रश्नांच्या तक्त्यानंतरही झाले होते. त्यानंतर मी प्रत्येक कच्च्या खड्याचे वजनासह छायाचित्र पैलू पाडण्यापूर्वी मागते.

सप्टेंबरमध्ये गार्नेटच्या पार्सलसोबत चार नीलम पुन्हा मागवले, आणि ते सीमाशुल्क कार्यालयात १९ दिवस अडकले. कारण क्षुल्लक होते. पैलू पाडलेले माणिक, नीलम आणि पाचू यांचा आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला संकेतांक ७१०३.९१ आहे, इतर रत्नांचा ७१०३.९९, आणि कच्च्या मालाचा ७१०३.१०. निर्यातदाराने सगळ्यांना एकच संकेतांक लावला होता. शिवाय 'मूळ देश' या रकान्यात पैलू पाडणाऱ्या देशाचे नाव होते. मी रागाने पत्र लिहिले, आणि नंतर समजले की त्याचे सर्वस्वी चुकले नव्हते: सीमाशुल्काच्या नियमांत मालावर शेवटची महत्त्वाची प्रक्रिया जिथे झाली तो देश मूळ मानला जाऊ शकतो, आणि पैलू पाडणे ही तशी प्रक्रिया ठरू शकते. मला हवे असलेले मूळ वेगळे आणि कस्टमला हवे असलेले मूळ वेगळे. तेव्हापासून मी बिलावर वेगळी ओळ मागते: 'खाणीचा देश'. पार्सल निघण्यापूर्वी बिलाचा मसुदा मागवून वाचला तर हे सगळे दहा मिनिटांत सुटते. मी १९ दिवसांचे साठवणुकीचे शुल्क भरले.

आतापर्यंत माझे सगळे लक्ष खाणीवर होते, पैलूकामावर नव्हते. ऑक्टोबरमध्ये गार्नेटच्या पैलूकाराशी व्हिडिओवर बोलणे झाले तेव्हा ते ध्यानात आले. छोटी खोली, तीन चाके, चाकावर थेंबथेंब पडणारे पाणी, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला मास्क. तिथे गार्नेटच्या शेजारच्या चाकावर अकीक घासला जात होता. अकीक, अ‍ॅमेथिस्ट, सिट्रिन हे सगळे क्वार्ट्झच्या कुळातले, म्हणजे मुळात सिलिका. त्यांची कोरडी धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की सिलिकोसिस होतो, आणि फुफ्फुसांचा हा आजार बरा होत नाही. पाण्याने धूळ पुष्कळ खाली बसते, पण सगळी नाही. मी विचारले, "मास्क लावता का?" तो म्हणाला, "लावतो की, साहेब आले की लावतो," आणि दोघेही हसलो; मला मात्र ते हसू पुरते उमटले नाही. निर्यातदाराशी बोलून धूळ ओढून घेणारा पंखा बसवण्यासाठी दर खड्यामागे मजुरीत ठरावीक वाढ द्यायचे मी कबूल केले. डिसेंबरमध्ये पंख्याचे छायाचित्र आले. तो रोज चालू असतो का, ते छायाचित्रावरून कळत नाही.

खर्चाचे सांगायचे तर खड्यांची किंमत पूर्वीच्या तुलनेत सुमारे दीडपट पडली, पण अंगठीची किंमत त्या प्रमाणात वाढली नाही, कारण तिच्यात धातू आणि माझी मजुरी यांचाच वाटा मोठा असतो. खरा खर्च वेळेचा: पूर्वी खडे चार दिवसांत येत, आता दहा ते चौदा आठवडे लागतात, आणि ग्राहकाला हे काम स्वीकारतानाच सांगावे लागते. जुन्या पुड्यांचे काय करायचे यावर मी नोव्हेंबरभर घोळ घातला. फेकून देण्याने त्या खणणाऱ्यांचे काहीच भले होणार नव्हते. आता त्या 'मूळ अज्ञात' असे लिहूनच विकते, आणि संपल्या की तशा नव्या घेत नाही.

जानेवारीत प्रत्येक दागिन्यासोबत द्यायचे कार्ड छापले. त्यावर तेच सहा रकाने आहेत. पहिल्या बारा दागिन्यांपैकी चारांचे सहाही रकाने भरले गेले. बाकीच्यांत कुठे एक, कुठे दोन ठिकाणी 'माहीत नाही' आहे, आणि ते शाईनेच लिहिले आहे, कोरे सोडलेले नाही.

त्या ग्राहक महिलेला मी महिन्याच्या शेवटी भेटले आणि तिच्या १.१२ कॅरेटच्या नीलमाचे कार्ड दिले. त्यावर एकच रकाना भरला होता: प्रक्रिया, उष्णता, भिंगाखाली पाहून. तिने ते दोनदा वाचले. अंगठी परत घेऊन तिच्याऐवजी दुसरी घडवून द्यायची माझी तयारी होती, तसे मी सांगितलेही. तिने अंगठी ठेवली, आणि कार्डही मागून घेतले.